अठरा पूर्ण होण्याआधी आणि झाल्यावर: बौद्धिक दिव्यांग मुलाच्या पालकांनी कोणते काम कोणत्या क्रमाने करावे

मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पालक बँकेत जातात आणि तिथे त्यांना कळते की आजवर मुलाच्या वतीने केलेली आपली सही यापुढे चालणार नाही. मग ते नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात पालकत्वाचा अर्ज घेऊन जातात, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघते. प्रमाणपत्राचा अर्ज भरायला बसावे, तर आधारवरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांची वर्ष-दीड वर्षाची दगदग अशी उलट्या दिशेने झाली आहे. योजना ठाऊक नसतात असे फारसे होत नाही, क्रम चुकतो. म्हणून हा लेख केवळ क्रमाबद्दल आहे.

इथे बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आणि या अवस्थांसह असणारे बहुविकलांगत्व एवढ्यांचाच विचार केला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, परंतु १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्यात फक्त हे चार येतात. केवळ अध्ययन अक्षमता किंवा केवळ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला खालचा चौथा आणि सातवा टप्पा लागू होत नाही, हे आधीच लक्षात घेतले तर एक हेलपाटा वाचेल.

टप्पा १: सर्व कागदांवर एकच नाव (वय १७)

सुरुवात सतराव्या वर्षी करावी. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, शिधापत्रिका, जुने दिव्यांग प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर अक्षर ताडून पाहावी. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी लिहितात आणि आधारवर शेवटी येते. एका कागदावर वडिलांचे पूर्ण नाव असते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे ‘ए’ कमी-जास्त असते. माणसाला हे सारे एकच दिसते, संगणकाला दिसत नाही.

जन्मदाखला हा पाया मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करावेत. जन्मदाखल्यातच चूक असेल तर नोंद जिथे झाली त्या महानगरपालिकेच्या, नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून ती आधी नीट करून घ्यावी. मूल नागपुरात राहते पण जन्म आजोळी, काटोलला किंवा थेट दुसऱ्या जिल्ह्यात झाला, अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी या कामाला दोन-तीन महिने धरून चालावे.

तपासून पाहा: सहाही कागदांवर जन्मतारीख एकच आहे ना? नावात क्रमाचा फरक चालवून घेतला जाऊ शकतो, तारखेतला फरक चालवून घेतला जात नाही.

टप्पा २: आधारचे बायोमेट्रिक

मुलांच्या आधारवरील बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि छायाचित्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करणे आवश्यक असते. पंधराव्या वर्षीचे काम राहून गेलेले असते, कारण मूल यंत्रासमोर स्थिर बसत नाही आणि घरचे ते पुढे ढकलत राहतात. गर्दी नसलेल्या वेळी, सकाळी केंद्र उघडताच जावे. घरी दोन-चार दिवस काचेवर बोटे टेकवण्याचा आणि समोर पाहत राहण्याचा खेळ खेळवावा. याचा खरोखर उपयोग होतो. ठसे किंवा बुबुळे उमटतच नसतील तर बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, तिची नोंद करण्याची विनंती चालकाला स्पष्ट शब्दांत करावी. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक घरात सध्या वापरात असलेला असावा. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच क्रमांकावर येणार आहे.

टप्पा ३: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

लहान वयात दिलेले बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र कायमचे नसते. केंद्र सरकारच्या मूल्यांकन मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचे नूतनीकरण ५, १० आणि १८ या वयांत करावयाचे असते आणि अठराव्या वर्षानंतर मिळालेले प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. त्यामुळे साडेसतराव्या वर्षी घाईने नवे प्रमाणपत्र काढण्यात अर्थ नाही; ते पुन्हा काढावे लागेल. अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात अर्ज करावा आणि त्याची सर्व तयारी आधी करून ठेवावी.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावयाचा असतो. ओळखीचा पुरावा, आधार आणि सहा महिन्यांच्या आतले छायाचित्र लागते. अर्ज करताना तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. जुने अहवाल ज्या रुग्णालयात आहेत तेच शक्यतो निवडावे. नागपुरात मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दहा वर्षे उपचार घेतलेल्या मुलासाठी घर जवळ पडते म्हणून मेयो हे दुसरे शासकीय रुग्णालय निवडणे फारसे शहाणपणाचे नाही.

अर्ज भरताच मिळतो तो नोंदणी क्रमांक, यूडीआयडी (दिव्यांग व्यक्तीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नव्हे. यूडीआयडी १८ अक्षर-अंकांचा असून महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात राज्याच्या दोन अक्षरांनी होते. पुढच्या अर्जांत नोंदणी क्रमांक लिहून फसलेले लोक मी वारंवार पाहतो. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांखाली पिवळे आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळे. शासकीय योजनांसाठी साधारणतः किमान ४० टक्के लागतात.

आता खुद्द तपासणीबद्दल, कारण या टप्प्यावर सर्वांत अधिक नुकसान होते. बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यांकनात बुद्ध्यंकाच्या चाचणीबरोबर सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतली जाते आणि ही दुसरी चाचणी मुख्यतः पालकांच्या उत्तरांवर उभी असते. (वाइनलँडच्या या चाचणीचे भारतीय रूपांतर डॉ. ए. जे. मालिन यांनी आपल्या नागपुरातच केले. म्हणून अहवालावर ‘नागपूर रूपांतर’ असे छापलेले दिसले तर ते तुमच्या गावाचे नाव असल्यामुळे नव्हे, चाचणीचेच ते नाव आहे.) स्वमग्नतेसाठी आयएसएए ही वेगळी भारतीय मापनपट्टी वापरतात.

मानसशास्त्रज्ञ विचारतात: स्वतः आंघोळ करतो का? आई म्हणते, करतो. खरे असे असते की आई पाणी काढून देते, साबण हातात देते, पाठ चोळते आणि शेवटी “आता पुरे” असेही तीच सांगते. वर्षानुवर्षे ही मदत करून ती मदत वाटेनाशी झालेली असते. काही पालक परक्या माणसासमोर मुलाचे उणे सांगायला कचरतात, तर काही टक्केवारी वाढावी म्हणून त्याला काहीच येत नाही असे सांगतात. दुसऱ्या प्रकारात मूल खोलीतच स्वतःची बाटली उघडून पाणी पिते आणि पालकांच्या सर्वच उत्तरांवरचा विश्वास उडतो. यावर उपाय सोपा आहे. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एका कागदावर रोजच्या गोष्टी लिहाव्यात: जेवण, कपडे व बटणे, संडास-लघवी, दात घासणे, सुट्टे पैसे ओळखणे, घड्याळ, एकट्याने रस्ता ओलांडणे, फोन उचलणे. प्रत्येकापुढे ‘स्वतः’, ‘सांगितल्यावर’, ‘हाताने मदत केल्यावर’ किंवा ‘नाही’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे आणि तो कागद समोर ठेवून उत्तरे द्यावीत.

मुलाची झोप झालेली असावी, सोबत डबा असावा आणि फिट्सचे किंवा इतर कोणतेही नेहमीचे औषध त्या दिवशी चुकवू नये. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या उन्हात दुपारी तीनला थकून बसलेल्या मुलाची चाचणी त्याची खरी क्षमता दाखवत नाही. तारीख मागताना सकाळची वेळ विचारावी. जुने बुद्ध्यंक अहवाल, डिस्चार्ज कार्डे, ईईजी किंवा एमआरआयचे अहवाल आणि विशेष शाळेचा प्रगती अहवाल यांचा संच तारखेच्या क्रमाने लावून न्यावा.

सावधान: एजंटामार्फत ‘टक्के वाढवून’ घेऊ नयेत. पडताळणीत असे प्रमाणपत्र रद्द होते आणि खऱ्या हक्कांचेही दार बंद होते. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते, तो सरळ मार्ग घ्यावा.

टप्पा ४: कायदेशीर पालकत्व

आई-वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक असतात, ते अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर मुलगा कायद्याच्या दृष्टीने प्रौढ होतो, त्याचे बौद्धिक वय काहीही असो. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकाची नेमणूक करून घ्यावी लागते. या समितीत जिल्हाधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अल्पवयीनांसाठी असलेल्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली प्रौढ मुलासाठी न्यायालयात अर्ज करणे ही महागडी चूक आहे; वकिलाने तसे सुचवले तर राष्ट्रीय न्यास कायद्याचे नाव घेऊन त्यांना पुन्हा विचारावे.

अर्ज कोणी करावा याचा क्रम ठरलेला आहे. आई-वडील दोघेही असतील तर दोघांनी संयुक्तपणे करावा. मृत्यू, घटस्फोट किंवा परित्याग यांमुळे एकच उरले असेल तर एकट्याने करता येतो. दोघेही नसतील तर भावंडे, त्यानंतर नातेवाईक आणि कोणीच पुढे आले नाही तर नोंदणीकृत संस्था. वडिलांनी एकट्याने अर्ज भरून आईचे नाव ‘नंतर घालू’ म्हणून सोडू नये. दोघांची नावे असली की एकाच्या पश्चात दुसऱ्याला हेलपाटे पडत नाहीत.

पालक भारताचा नागरिक असला पाहिजे. हे वाक्य नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरांनी दोनदा वाचावे, कारण “आमच्यानंतर मोठा सांभाळेल” असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते त्या मोठ्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले असते. शिवाय पालक शक्यतो पाल्याच्या जवळ राहणारा असावा असा संकेत आहे. पाल्य मुलगी असेल तर एकट्या पुरुषाची नेमणूक होत नाही. पुरुषाला पत्नीसह सहपालकत्व मिळते आणि त्यात पत्नी मुख्य असते. म्हणजे अविवाहित काका किंवा विधुर मामा यांच्या भरवशावर मुलीचे नियोजन करून ठेवले असेल तर ते आजच बदलावे.

अर्ज राष्ट्रीय न्यासाच्या फॉर्म ए मध्ये करावयाचा आणि नेमणुकीचा आदेश फॉर्म बी मध्ये मिळतो. नव्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, मुलाचा आणि अर्जदारांचा वयाचा, पत्त्याचा व ओळखीचा पुरावा, छायाचित्रे, नात्याचा पुरावा हे तर लागतेच. त्याशिवाय इतर सज्ञान भावंडांची लेखी संमती सहसा मागितली जाते. बाहेरगावी असलेल्या भावंडाची सही आधीच आणून ठेवावी. मुलाच्या नावावर जमीन, घराचा हिस्सा किंवा ठेव असेल तर ती लपवू नये. पालकत्व कशासाठी हवे आहे हे समितीने तपासायचे असते, म्हणून अर्जात ‘सर्व कामांसाठी’ असे मोघम न लिहिता बँक व्यवहार, उपचारांना संमती, निवृत्तिवेतन, मालमत्तेची देखभाल अशी नेमकी कारणे लिहावीत.

समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी असे कायदा सांगतो. त्यामुळे अपुऱ्या अर्जाची किंमत एक कागद नसून पुढच्या बैठकीपर्यंतचा काळ असतो. अर्ज दाखल करतानाच पोच घ्यावी आणि पुढची बैठक केव्हा अपेक्षित आहे ते विचारून घ्यावे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर सारे प्रशासन त्यात गुंतलेले असते आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्तेही बंद असतात. त्या पंधरवड्यात काम होईल असे गृहीत धरू नये. चौकशीसाठी घरी कोणी आले, तर मुलाला नटवून गप्प बसवू नये, त्याचा नेहमीचा दिवस त्यांना पाहू द्यावा.

तपासून पाहा: फॉर्म बी हातात येताच नाव, जन्मतारीख आणि पत्ता तिथेच उभे राहून वाचावा. दुरुस्ती त्याच दिवशी सोपी असते.

नेमणूक झाली की कर्तव्येही सुरू होतात, आणि हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशेब समितीला द्यावयाचा असतो. मालमत्ता काहीच नसेल तर तसे लिहून द्यावे. दुर्लक्ष किंवा पैशांचा गैरवापर झाल्यास नातेवाईक अथवा नोंदणीकृत संस्था पालकाला हटवण्याची मागणी करू शकतात, म्हणून पाल्याच्या पैशांचा हिशेब घरखर्चात मिसळू नये.

टप्पा ५: बँक खाते आणि डीबीटी

अल्पवयीन खाते अठराव्या वर्षी आपोआप पालकांच्या हातून सुटते. पालकत्वाचा आदेश येईपर्यंत मधले काही महिने त्यातून पैसे काढता येणार नाहीत असे धरून, मुलाच्या औषधांसाठी किंवा थेरपीसाठी लागणारी रक्कम त्या खात्यात अडकवून ठेवू नये आणि मुदत ठेवीची मुदत नेमकी त्याच काळात संपेल अशी ठेवू नये. आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत देऊन खाते कायदेशीर पालकामार्फत चालवण्याची नोंद करावी.

शासकीय अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येते. इथे एक बारकावा आहे: खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि ते खाते डीबीटीसाठी (अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी) एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे नोंदलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांत शेवटी ज्या बँकेत ही नोंद झाली तिथे पैसे जातात. शाळेने शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या, विसरलेल्या खात्यात अनुदान जमा होत राहिल्याचे आणि घरचे लोक ‘मंजूर झाले पण आले नाही’ म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिल्याचे मी पाहिले आहे.

टप्पा ६: संजय गांधी निराधार अनुदान योजना

ही योजना उत्पन्नाशी बांधलेली आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ६५ पेक्षा कमी वय, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत अशा अटी आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले आहे. वडिलांना पक्की नोकरी असेल तर या अर्जात वेळ घालवू नये.

अर्ज तहसील कार्यालयाकडे, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. उत्पन्नाचा दाखला सर्वांत शेवटी काढावा, कारण त्याची मुदत धावत असते; बाकी कागद जमवताना तो जुना होतो आणि पुन्हा तलाठ्यापासून सुरुवात होते. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिल्यास अनुदान थांबते.

टप्पा ७: निरामय आरोग्य विमा

राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणी नाही. यासाठी पालकत्वाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. वैध दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर मूल लहान असतानाच नोंदणी करावी. नियमित थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चही यात येतो, आणि हाच भाग लोक वापरत नाहीत. मात्र रुग्णालयात कार्ड दाखवून उपचार होत नाहीत: आधी खर्च करावा, मग दावा करावा. त्यामुळे थेरपिस्टकडून पावतीवर तारीख, मुलाचे नाव आणि थेरपीचा प्रकार लिहून घ्यावा, डॉक्टरांची चिठ्ठी जपावी आणि मूळ बिले पाठवण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात. विमा वर्ष ३१ मार्चला संपते. नूतनीकरण फेब्रुवारीतच करावे.

टप्पा ८: नोकरदार पालकांसाठी थोडे

रेल्वे, अंबाझरीची आयुध निर्माणी, राज्य शासन अशा ठिकाणी काम केलेल्या पालकांनी दिव्यांग अपत्याचे नाव सेवेत असतानाच किंवा स्वतः हयात असताना कार्यालयाला कळवून निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावे. दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, परंतु दोन्ही पालक गेल्यावर हे नाव पहिल्यांदा पुढे आले तर भावंडांना सारे पुरावे शून्यापासून उभे करावे लागतात.

आयकरात कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ती जुन्या कररचनेतच मिळते. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला सवलत आहे, तिच्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र आधी काढून घ्यावे.

फाइल कशी ठेवावी

मूळ कागदांची एक फाइल आणि स्वसाक्षांकित प्रतींची दुसरी फाइल असावी. मूळ कागद कोणत्याही टेबलावर जमा करू नयेत, दाखवून परत घ्यावेत. पहिल्या पानावर यूडीआयडी, फॉर्म बी चा आदेश क्रमांक, निरामय क्रमांक, डीबीटीचे खाते आणि ३१ मार्च व ३० जून या दोन तारखा लिहाव्यात. पालकांपैकी शेवटचा गेल्यास नव्या पालकासाठी पुन्हा फॉर्म ए भरावा लागतो. तो ज्याने भरायचा आहे त्या भावाला, बहिणीला किंवा पुतण्याला ही फाइल कुठल्या कपाटात आहे हे दाखवून ठेवावे आणि एकदा तरी त्याच्याकडूनच निरामयचे नूतनीकरण करून घ्यावे.